बाविसावी तारीख

त्र्याहत्तर सालच्या श्रावणात हिरण्यकेशीत गावची नाव कलंडली आणि खैरुनबीचा नवरा मौला वाहून गेला. नावेचं बूड कुजलेलं होतं, म्हणून तिनं नावेचे ठेकेदार बाळासो यांच्यावर भरपाईचा दावा लावला. पण तालुक्याच्या कोर्टात जायला तीच नाव, ठिगळ मारलेलं तेच बूड. दर तारखेला खैरुनबी नावेतल्या पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसत नदी ओलांडायची.

बाविसाव्या तारखेला बाळासोंच्या वकिलानं तिला विचारलं, "बाई, नाव धोक्याची म्हणता. मग आज कशानं आलात?"

"त्याच नावंनं. दुसरी वाट न्हाय."

"आजवर एकवीस वेळा आलात, गेलात. एकदा तरी बुडालात?"

"न्हाय जी. पाणी उपसत येतोय की."

"त्याला पुरावा काय?"

खैरुनबीनं पिशवीत हात घातला आणि पुरावा न्यायाधीश साहेबांच्या टेबलावर ठेवला. सगळं कोर्ट हसलं. दुपारनंतर दावा फेटाळला.

दिवेलागणीच्या शेवटच्या खेपेला नावेत नावाडी, खैरुनबी आणि पेढ्यांचा पुडा घेतलेले बाळासो, एवढी तिघंच होती. मधल्या धारेत पाणी घोट्याच्या वर आलं, तसे बाळासो खेकसले, "बघत काय बसलीयास? उपस की. डबा कुठं हाय?"



"कोर्टानं ठिवून घेतलाय, मालक," खैरुनबी म्हणाली. "पुरावा म्हणून."