नवं मॉडेल दसऱ्याला

"आत्ताचंच मॉडेल बुक करून टाकू. थांबण्यात अर्थ नाही," सुदर्शन म्हणाला आणि गाडीचं माहितीपत्रक त्याने तात्यारावांच्या पांघरुणावर पसरलं. खाली वडिलांचे पाय होते. पण टेबल असल्यासारखंच.

"नवीन येतंय ना दसऱ्याला?" तात्याराव म्हणाले. "मागे जागा वाढवलीय, दिवे बदललेत. तूच सांगत होतास."

"हो, पण तोवर..." सुदर्शनने वाक्य सोडून दिलं. त्याची नजर पांघरुणाबाहेर आलेल्या सुजलेल्या पावलांवर गेली. पेट्रोलचा काटा बघावा तशी.

तात्यारावांना शिसारी आली. पस्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. समोरचा काय मोजतोय, हे त्यांना लगेच कळत असे. सुदर्शन हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होता. तिथे म्हणे पार्किंगमध्ये कोणाची कुठली गाडी उभी आहे, यावरून माणूस ओळखतात.

राहिलेलं वाक्य रविवारी गोदाबाईंनी पुरं केलं. तात्यारावांची ही थोरली बहीण शनिवार पेठेतून भावाला बघायला आली होती.

"चुकतंय काय त्याचं?" त्या चकली मोडत म्हणाल्या. "घरात काही झालं, की वर्षश्राद्ध होईपर्यंत नवी वस्तू दारात आणत नाहीत. मग फिरा वर्षभर रिक्षाने."

"अक्का, मी ऐकतोय."

"ऐक की. कान ठणठणीत आहेत तुझे. काळजी हृदयाची आहे."

सोमवारी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. सुदर्शनने त्यांना दारातच गाठलं. "डॉक्टर, साधारण दसऱ्यापर्यंत..."

"दसरा काय, पुढचाही बघतील," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या वेळेवर गेल्या पाहिजेत मात्र. दोन-चार दिवस जरी चुकल्या तरी छातीत पाणी भरेल. मग माझ्या हातात काही नाही."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला. नम्रता कधी आवाज चढवत नसे, पण नारायण पेठेतल्या त्या फ्लॅटच्या भिंती पातळ होत्या.

"चार महिन्यांत जुनी दिसेल अशी गाडी घ्यायची? आणि तीही घाबरून? लाज वाटायला हवी. दसऱ्यापर्यंत तात्यांना काही होत नाही. मी बघते."

तात्यारावांनी डोळे मिटले. घरात एक तरी माणूस आहे, असं त्यांना वाटलं.

नम्रता रसायनशास्त्राची एम.एस्सी. लग्नाआधी औषधांच्या कारखान्यात नमुने तपासायची. तिने त्याच आठवड्यात आलेखाचा एक मोठा कागद आणला, तात्यारावांच्या पलंगाशी बसून त्यावर पट्टीने रकाने आखले आणि समोरच्या भिंतीवर लावला. तारीख, वजन, रक्तदाब, सकाळची गोळी, रात्रीची गोळी. तारखा तिने आधीच लिहून टाकल्या. खाली जाड लाल रेघ, प्रयोगवहीत मुली मारतात तशी.

"शंभरपैकी किती, सर?" तिने विचारलं.

"अक्षराचे दोन जास्त देतो," तात्याराव म्हणाले.

एकदा त्यांनी विसरून एकच गोळी दोनदा घेतली होती. म्हणून गोळ्यांचा डबा तिने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. सकाळी आठला आणि रात्री आठला गजर व्हायचा आणि ती पाण्याचा पेला घेऊन दारात उभी असायची. मीठ ती काट्यावर तोलायची. एकदा सुदर्शनने त्यांना चमचाभर लोणचं वाढलं, तर तिने ते ताटातून उचलून नेलं.

"एवढ्याने काय होतंय?" सुदर्शन म्हणाला.

"तू तुझं बुकिंग सांभाळ. हे माझ्याकडे आहे."

नव्या मॉडेलचं बुकिंग झालं होतं. सुदर्शन रोज रात्री पलंगाशी येऊन रंगांबद्दल बोलायचा आणि जाताना पावलांकडे बघून जायचा. तात्याराव पाय आत ओढून घेत. त्याचा वास, त्याचं खोटं खाकरणं, "कसं वाटतंय आज?" हा रोजचा प्रश्न, सगळ्याचाच त्यांना वीट आला होता. पोटचा पोर. त्यापेक्षा परक्या घरून आलेली ही मुलगी बरी.

सूज उतरली. गणपतीत ते आरतीला उभे राहिले. नवरात्रात नम्रताचा हात धरून जिन्यापर्यंत चालून आले. तक्त्यावरची वजनाची रेघ सरळ झाली होती. इतका स्वच्छ आलेख त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने काढला नव्हता.

दसऱ्याला गाडी आली. चंदेरी रंग, झेंडूचं तोरण, चाकांखाली लिंबं. नारळ तात्यारावांच्याच हातून फोडायचा, असा नम्रताचा आग्रह होता. दोघांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली नेलं. गोदाबाईंनी गाडीला ओवाळलं आणि भावाला म्हणाल्या, "जिंकलास बाबा!" सुदर्शनने ओशाळून वडिलांना वाकून नमस्कार केला. तात्यारावांनी आशीर्वाद दिला तो सुनेकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आठच्या आधीच उठून बसले. आठ वाजले. गजर झाला नाही. थोड्या वेळाने नम्रता दारात आली. नवी साडी, हातात गाडीची किल्ली, पेला नाही.

"तात्या, आम्ही जरा कात्रजपर्यंत जाऊन येतो. मग पुढे दोन दिवस महाबळेश्वर. डबेवाल्या बाई जेवण आणून देतील."

"सावकाश जा. माझी गोळी तेवढी..."

"काल संपल्या गोळ्या," ती शांतपणे म्हणाली. "आल्यावर बघू."

नव्या आणायला ती विसरली असेल, धांदलच तशी होती. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आठवण करावी, तर फोन पार बाहेरच्या खोलीत होता. आजचा रकाना तरी आपणच भरू, म्हणून तात्यारावांनी चष्मा लावला, भिंतीचा आधार घेत तक्त्यापाशी गेले आणि आजची तारीख शोधू लागले.

खाली अर्धा कागद कोरा होता. चार महिन्यांपूर्वी, त्यांच्या डोळ्यांदेखत तिने मारलेली जाड लाल रेघ बरोबर दसऱ्याच्या तारखेखाली होती.