मोडक्या दाताची पेटी

"याचाबी अंगठा साफ हाये, वैनी," चिकाच्या पडद्याशी वाकून नत्थुजी पुटपुटले आणि परत ओसरीवर गेले.

दुर्गाबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला. चिकाच्या पलीकडे, सतरंजीवर बसलेल्या त्या घोळक्यात त्यांच्या नवऱ्याचा गळा आवळणारा माणूस असू शकत होता. तो सापडावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. पण खरंच सापडला तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

ओसरीवर त्या नवऱ्याच्या, वामनरावांच्या, जुन्या चिजांचा हर्रास, म्हणजे लिलाव, चालला होता. विलायतेत कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तसे अमरावतीच्या लोकांचे शौकही वाढले. कोणी घोडे घेतले, कोणी माड्या चढवल्या. वामनरावांना वेड लागलं जुन्या वस्तूंचं. कुठं एखाद्या डबघाईला आलेल्या जहागीरदाराच्या घरी हर्रास आहे असं कानावर आलं, की यांची दमणी जुंपलीच. हस्तिदंती सोंगट्या, गोल गंजिफा, नक्षीचे हुक्के, मुठीतला पाचू निखळलेली तलवार. "लोकाइची अडगळ आणून कावून घर भरून राहिले?" असं दुर्गाबाई म्हणायच्या. ते नुसते हसायचे. आता ते हसणं आठवलं की बाईंना रडू आवरत नसे.

शेवटी आणली ती एलिचपूरची पितळी पेटी. तिचा खटका आधी वर सरकवायचा, मग दाबायचा. ते ठाऊक नसलेल्यानं सरळ अंगठा दाबला, की आतून पोलादी दात सुटून अंगठ्यात घुसायचा. वामनरावांनी ही गंमत फक्त बायकोला दाखवली. पुढच्याच आठवड्यात दुर्गाबाई माहेरी हिवरखेडला गेल्या, आणि मागं घरात कोणी त्यांचा गळा आवळून गेलं. पेटी रक्तानं माखली होती. दाताचं टोक मोडलं होतं आणि खोलीभर शोधूनही ते सापडलं नाही. म्हणजे ते चोराच्या अंगठ्यातच राहिलं. गावातल्या एकाही न्हाव्याकडे काटा काढायला कोणी आलं नाही. कोतवालीनं हात टेकले.

दुर्गाबाईंनी टेकले नाहीत. त्यांनी हर्रास मांडला, आणि तोही ओरडून बोली लावण्याचा नव्हे. बैलबाजारात दलाल जसा रुमालाखाली हातात हात घेतो आणि बोटं दाबून भाव ठरतो, तसा. बाईला वेड लागलं म्हणून लोक हसले. हसोत बापडे. येईल त्याला हात तर द्यावाच लागणार होता. हात घेणारे होते नत्थुजी, वामनरावांचे जुने दलाल, घरच्यासारखे. बेत एकट्या त्यांनाच ठाऊक होता. ऐकल्यावर ते म्हणाले, "मी पाह्यतो एकेकाचा अंगठा. मालकाचं मीठ खाल्लं हाये मी."

मालक गेल्यापासून त्यांनी तंबाखूसुद्धा सोडली होती. एरवी दिवसभर तळहातावर मळत बसणारा माणूस; आता कोणी चंची पुढं केली की हात जोडून म्हणायचा, "आता गोडी नाई राह्यली." दुर्गाबाईंना भरून यायचं. इतकी माया सख्ख्या भावानंही केली नसती.

उन्हं कलली. बहुतेक माल उठला. उरली पितळी पेटी आणि तिच्याजवळ बसलेला अकोटचा चंद्रभान. हा इसम सकाळपासून आला होता, पण दुसऱ्या कशाला त्यानं हात लावला नव्हता. उजवा हात तर शालीतून बाहेरच काढला नव्हता. डाव्या हातानं पेटी फिरवून पाहत तो म्हणाला, "इचा खटका सरळ नाई दाबत. आधी वर सरकवा लागते."

दुर्गाबाई चिकाला डोळा लावून पुढं सरकल्या. हे याला कोणी सांगितलं?

"तुमाले कसं ठाऊक जी?" नत्थुजींनी विचारलं.

"असल्या पेट्या पाह्यल्या हायेत मी."

"मंग भाव बोला. काढा हात."

चंद्रभान जागचा हलला नाही. मग त्यानं सावकाश शालीतला हात नत्थुजींच्या उपरण्याखाली सारला. नत्थुजी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही.

नत्थुजी चिकाकडे यायला उठले, तसा चंद्रभानही पेटी काखेत मारून त्यांच्या मागोमाग आला आणि अगदी खेटून उभा राहिला. आता कुजबुजायचीही सोय नव्हती.

"भाव बरा हाये, वैनी," नत्थुजी मोठ्यानं म्हणाले.

दुर्गाबाईंनी मनाचा हिय्या केला आणि चिकाच्या कडेनं हात बाहेर काढला.

"असं नाई," त्या म्हणाल्या. "रुमालात सांगा. सौदा सरळ असंल त एक बोट दाबा. खोटा असंल त सारा हात."

नत्थुजी मागं सरकले. "वैनी, तुमी बाईमाणूस. लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. हात द्या, भाऊ."

चंद्रभान दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. नत्थुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग त्यांनी उपरणं पुढं केलं. जन्मभराच्या सवयीनं त्यांचा हात त्याखाली आला, आणि त्यांनी दुर्गाबाईंचा सारा हात गच्च दाबला.

हाच तो. दुर्गाबाई ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या तळव्याला नत्थुजींच्या अंगठ्यातलं, कातडीखालचं, बाजरीच्या दाण्याएवढं टोक रुतलं.