पाचवे प्रकरण

प्राध्यापिकेने वर्गात वाटलेले टिपण ही विभागप्रमुखांच्या ग्रंथातील पाचव्या प्रकरणाची शब्दशः नक्कल आहे, असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. शब्दशः, हे खरे होते. नक्कल, हेही खरे होते. कोणी कोणाची केली एवढाच प्रश्न उरत होता, आणि तो समितीने तारीख पाहून सोडवला होता. ग्रंथावर तारीख होती, टिपणावर नव्हती. तर्कशास्त्राच्या ज्या विभागात तिने उभी हयात अनुमान शिकवले, तिथली तिची नोकरी इतक्या पातळ अनुमानावर जाणार होती.

आपणहून राजीनामा दिलात तर बोभाटा होणार नाही, असे समितीच्या अध्यक्षांनी सुचवले. ते रसायनशास्त्राचे, वादविवादाचा त्यांना मनापासून कंटाळा. विभागप्रमुख शेजारीच बसले होते. एके काळी ते तिचे मार्गदर्शक होते, म्हणजे प्रबंधावर सही त्यांची होती.

"अगं, कशाला ताणतेस?" ते मायेने म्हणाले.

तिने राजीनाम्याचा कागद पुढे ओढला आणि पेनचे टोपण काढले. या पाचव्या प्रकरणात एक चूक आहे, ती म्हणाली. सरांनी ती दाखवावी, मी इथेच सही करते.

सर हसले. ग्रंथ तज्ज्ञांनी तपासला होता, नावाजला होता. चूक असलीच, तर तूच दाखव, म्हणाले.

मग आवाज न चढवता, वर्गात सांगावे तसे तिने सांगितले. प्रत्येक कृतीला काही ना काही हेतू असतो, इथवर ठीक. पुढच्याच वाक्यात सगळ्या कृतींचा हेतू एकच होऊन बसतो. तो कसा? प्रत्येक कुलपाला किल्ली असते, म्हणून एकच किल्ली सगळी कुलपे उघडेल काय? अध्यक्षांचा हात नकळत खिशातल्या जुडग्याकडे गेला.

ही चूक माझी आहे, ती म्हणाली, मुद्दाम पेरलेली. नव्या वर्गाला पहिल्याच तासाला मी हे टिपण वाटते आणि चूक शोधायला सांगते. बहुतेकांना तास संपायच्या आत सापडते. कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला विचारा.

अध्यक्ष विभागप्रमुखांकडे वळले. वादविवादात आता त्यांना रस वाटू लागला होता. छापण्याआधी तुम्ही हे तपासले नाहीत?

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलेच नाही. तिच्याकडे पाहत, फसवणूक त्यांचीच झाली असावी अशा दुखावल्या स्वरात ते म्हणाले, "मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार."