मागचा हीटर

म्हाताऱ्याच्या पायाची बोटं खुर्चीवाल्यांनी खाल्ली, असं मिस्त्रीने हवालदाराला तोंडावर सुनावलं आणि पाना घेऊन तो बॉनेटखाली वाकला.

"थंडीने गेली ती," हवालदार म्हणाला.

"थंडीचं नुसतं नाव झालं. पायाशी शेगडी घेऊन, खुर्चीत बसून खाल्ली."

हवालदार शेडच्या दारात आडवा उभा होता. पान्यांची पिशवी त्याच्याच हातात होती आणि एक पाना परत घेतल्याशिवाय तो दुसरा देत नव्हता. चोर समजता काय, असं मिस्त्रीने विचारलं तर म्हणाला, त्यात समजायचं काय? पुढच्या सीटवर पाय पसरून चहा पीत बसलेला ड्रायव्हर खिदळला.

गाडी जुनी, दणकट, चारही चाकांनी ओढणारी. तुरुंगातले कैदी डोंगरावरच्या तुरुंगात न्यायचे तर त्या घाटात दुसरी गाडी टिकायची नाही. पुढे दोन सीट, मागे जाळी, जाळीत लोखंडी बाक. हीटरही दोन, एक पुढच्यांच्या पायाशी, एक बाकाखाली. इंजिनात तापलेलं पाणी व्हॉल्व्हमधून हीटरला जातं. व्हॉल्व्ह अडकला की हीटर म्हणजे रिकामी पेटी. मागचा अडकून कित्येक हिवाळे झाले होते, कुणाच्या कपाळाला आठी पडली नव्हती. परवा पुढचा अडकला, ड्रायव्हर-हवालदारांचे दात वाजायला लागले, आणि नवा व्हॉल्व्ह लगेच आला.

म्हाताऱ्या कैद्याला गेल्या खेपेला डोंगरावर नेलं. इथे असताना तो शेडमध्ये झाडू मारायला यायचा, मिस्त्रीला लेका म्हणायचा, आणि झाडू कमी मारून गप्पाच जास्त मारायचा. डोंगरावर उतरवला तेव्हा त्याची बोटं काळी पडली होती, ती कापावी लागली. ही बातमी ड्रायव्हरनेच आणली. तुरुंगाच्या साहेबांनी कारण दिलं की म्हाताऱ्याने बूट नीट घातले नव्हते. तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर मिस्त्री बोलून बसला, बुटाचा जाब विचारता, हीटरचा कोण देणार? तेव्हापासून साहेबांना तो डोळ्यासमोर नको झाला होता.

आजही एकाला डोंगरावर न्यायचं होतं.

मिस्त्रीने रेडिएटरचं पाणी बादलीत सोडलं, हीटरच्या लिव्हरची केबल काढली, पाइपांच्या क्लिपा ढिल्या केल्या. रबर चिकटून दगड झालेलं. हिसका दिला असता तर फाटलं असतं, म्हणून ते त्याने पिळत पिळत सोडवलं. जुना व्हॉल्व्ह हातात आला तो गंजाच्या चिखलाने गच्च.

"व्हॉल्व्ह दोन मागवले होते," तो म्हणाला.

दुसरा साहेबांच्या गाडीत बसवला, हवालदाराने सांगितलं. सकाळी बाजारात जाताना बाईसाहेबांचे गुडघे धरतात.

मिस्त्रीने नवा व्हॉल्व्ह पाण्याच्या दिशेने बसवला, क्लिपा आवळल्या. मग मान वर न करता त्याने सांगायला घेतलं. मागे नवा व्हॉल्व्ह नसला तरी अडत नाही. अडकलेला काढून टाकायचा, त्याच्या जागी लोखंडी नळीचा तुकडा घालून पाइप सरळ जोडायचा. ऊब कमीजास्त करता येणार नाही, पण येत राहील. ड्रायव्हरचा चहा संपायच्या आत काम होईल. नळी त्या कोपऱ्यातल्या खोक्यात पडलीच आहे.

हवालदार खोक्यापाशी गेला. नळी उचलून त्याने नीट बघितली आणि शेडबाहेर भिरकावली.

"मागे ऊब आली की माणूस झोपतो," तो म्हणाला. "झोपला की त्याला बरं वाटतं. बरं वाटावं म्हणून नेत नाही आपण कुणाला."

मिस्त्री सरळ झाला. हातातला पाना चांगला जड होता. ड्रायव्हरने चहा खाली ठेवला.

मिस्त्रीने पाना पिशवीत टाकला.

तुझ्या तोंडाचा बंदोबस्त झालाय, हवालदार म्हणाला, उद्यापासून शेडला दुसरा मिस्त्री येतोय. मिस्त्री म्हणाला, सकाळीच कळलं. हवालदाराने बजावलं की जाता जाता कामात खोट ठेवलीस तर याद राख. मिस्त्रीने उत्तर दिलं की खोट ठेवायला शिकलो असतो तर एव्हाना खुर्चीत बसलो असतो.

आणि खरंच त्याने खोट ठेवली नाही. केबल जोडली, पाणी भरलं, ड्रायव्हरला इंजिन चालू करून लिव्हर पूर्ण उघडायला लावलं. रेडिएटरच्या तोंडातून हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत तो वाट बघत उभा राहिला. मग त्याने दोन्ही पाइप मुठीत धरून बघितले. दोन्ही चटका देणारे. पुढे गरम वारा सुटला तसा ड्रायव्हर खुशीत म्हणाला, आता घाटात बनियनवर जाईन.

"मागे एक कांबळं तरी टाका," मिस्त्री म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खाली आला होता. "मी मागतोय म्हणून नको. माणूस बसणार आहे म्हणून टाका."

कांबळं डोंगरावर मिळतं, हवालदार म्हणाला.

मिस्त्रीने बॉनेट लावलं. शेडचा डगला काढून खुंटीला अडकवला तेव्हा आतला कैद्याचा सदरा उघडा पडला; चिंधीने हात पुसले. हवालदाराने पिशवीतले पाने तपासले, पिशवीचं तोंड बांधलं आणि मागची जाळी उघडली. मग कमरेच्या बेड्या काढून त्याने मिस्त्रीच्या ओल्या मनगटांवर चढवल्या. मिस्त्री वाकून आत शिरला, बाकावर बसला. बाहेरून कुलूप लागलं. मग जाळीला तोंड लावून त्याने विचारलं, "तिथला डॉक्टर बोटं कापताना विचारेल, हे कुणी केलं. कुणाचं नाव सांगू, हवालदारसाहेब? साहेबांचं की तुमचं? इथंच बोला."