तेरेझियाची बोली

स्लोव्हेनियातल्या एका खेड्यातून तेरेझिया तरुणपणीच न्युरेम्बर्गला कारखान्यात कामाला आली. त्या खेड्याची बोली शहरी स्लोव्हेन माणसालाही धड कळत नाही. शाळेत कुणी हसू नये म्हणून तिने आपल्या मुलीला, मोनिकाला, फक्त जर्मन शिकवलं. आता वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंशाने तिचं सगळं जर्मन पुसून टाकलं होतं. उरली होती ती गावची बोली.

पुण्याची ईप्सिता त्याच बोलीवर पीएचडी करत होती, त्या खेड्यात राहूनही आली होती. मोनिकाने तिला शोधून काढलं आणि आईकडे घेऊन आली.

"तेरेझियाआजी, बऱ्या आहात ना?" ईप्सिताने त्या बोलीत विचारलं, तशी म्हातारीचा चेहरा उजळला. ती शेताबद्दल, गाईंबद्दल भरभरून बोलत सुटली. कितीतरी महिन्यांनी आई हसत होती. तिचा हात हातात धरून बसलेल्या मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिला सांग ना प्लीज, मी रोज येते. दिवसभर तिच्याजवळ बसते."

ईप्सिताने सांगितलं. तेरेझियाने मोनिकाकडे निरखून पाहिलं, हळूच आपला हात सोडवून घेतला आणि ईप्सिताच्या कानाशी काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मोनिकाने अधीरपणे विचारलं.

म्हातारी म्हणाली होती,

"पोरी, या जर्मन बाईला घरी जायला सांग गं. तिची आई वाट बघत असेल."