डावा वेढा

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कुवाबारांनी फडक्यातून तलवारीची मूठ काढून चटईवर ठेवली, आणि मुठी बांधणाऱ्या फुसाएच्या हातातली ओली वादी तशीच राहिली.

मुठीवर हरणाच्या कातड्याचे वेढे होते, एकमेकांवर तिरके पडलेले. मधल्या फटींतून पाकट माशाची खरखरीत पांढरी कातडी दिसत होती. काम घट्ट होतं. फक्त प्रत्येक वेढा डावीकडून पडलेला. इथे सेकी गावात असं कुणी बांधत नाही.

"टोकाची गाठ सुटलीय," कुवाबारा म्हणाले. "आमचे तलवारीचे गुरुजी म्हणतात, बांधणीच उलटी आहे. सगळं कापून काढा आणि नव्यानं बांधा."

"कुणाकडून बांधून घेतलीत?"

"तिकडे उत्तरेला, मोरिओकाला होतो तेव्हा. तिथे एक बाई करते, असेल पस्तिशीची. तासभर बसलो हो मी, एक शब्द नाही. चहासुद्धा विचारला नाही."

कोपऱ्यात भाताची खळ घोटत बसलेल्या मात्सुएला हसू फुटलं. "मग आईवरच गेली म्हणायची!"

फुसाएनं नणंदेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस, वहिनी? तुझी लेक चिगुसा कामाला बसली की तिचा डावा हात कमरपट्ट्याला बांधायचीस ना? अकरा वर्षं झाली पोर घर सोडून. आता बघ, काय करतो तो हात."



पातं घडवणारा लोखंडावर आपलं नाव कोरतो. मूठ बांधणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. फुसाएनं मूठ मांडीवर घेतली आणि एकेका वेढ्यावर अंगठा दाबत नेला. एकही हलला नाही. वादी ओली असताना ताणून बांधतात, वाळताना ती आवळत जाते. एकदा उलगडली की ते कातडं पुन्हा बांधता येत नाही.

मात्सुएनं कात्री पुढे सरकवली. फुसाएनं ती तशीच मागे सरकवली.

"कापायची नाही. खोट नाही हिच्यात. नुसती गाठ घालून देते."

"पण बाई, उलटी आहे ना..."

"उलटी नाही. तिच्या हाताची आहे." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "हात कसे होते तिचे? थंडीत भेगा पडायच्या."

"हात नाही पाहिले हो. लक्षच गेलं नाही."

गाठ वेढ्यांच्याच बाजूनं ओढावी लागते, नाहीतर टिकत नाही. फुसाएनं सवयीनं दोनदा ओढून पाहिली. दोन्ही वेळा वादी निसटली. मग तिनं मूठ उजव्या हातात धरली आणि वादीचं टोक डाव्या हातात घेतलं. बोटं वळेनात. टोक पुन्हा पुन्हा पडत होतं, ती पुन्हा पुन्हा उचलत होती.

न राहवून मात्सुए पुढे सरकली. "आण इकडे, मी धरते."

"राहू द्या, वन्सं," फुसाए म्हणाली. "नवा आहे हा हात."