शेवटच्या शब्दापासून

कॉमाकाकांनी कार्डाचं प्रूफ छापखान्यातल्या टेबलावर पसरलं, त्यावर लाकडी पट्टी ठेवली आणि शेवटच्या शब्दापासून तपासायला सुरुवात केली.

प्रूफ उलटं तपासायचं, ही त्यांची जन्माची पद्धत. सरळ वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळे फितूर होतात. जे असायला हवं तेच त्यांना दिसतं, जे आहे ते दिसत नाही. असं ते छापखान्यातल्या नवशिक्यांना सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी घरीही सांगत. म्हणून शेवटून सुरुवात, शब्द सुटा, अक्षर वेगळं. अशा रीतीने त्यांनी बॉयलरच्या माहितीपुस्तकांपासून प्रेमकवितांपर्यंत सगळं तपासलं होतं, आणि दोन्हींत काय लिहिलंय याचा त्यांना सारखाच पत्ता नव्हता.

मशीनवरच्या माणसांना एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं, की काकांची पट्टी सरकतेय तोवर काळजी नाही. पट्टी थांबली म्हणजे चूक सापडली. मग मशीन चालू असलं तरी बंद करायचं.

आजचं कार्ड त्यांच्या बायकोचं होतं. ती परवा गेली. उभा जन्म हॉस्पिटलात नर्स होती. संध्याकाळी तिथली माणसं तिच्या आठवणीसाठी जमणार होती, आणि त्यांच्या भाषा नाना तऱ्हेच्या, म्हणून मजकूर इंग्रजीत. तो लेकीने लिहिला होता. ती समोरच्या स्टुलावर बसून बापाच्या तोंडाकडे बघत होती. परवापासून बघत होती. त्या तोंडावर काही उमटत नव्हतं. शेजारच्या काकूंनी तिला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, की त्यांना एकदा रडू दे गं. जसं काही तीच त्यांना अडवून बसली होती.

पट्टी सरकत होती. 'अकोमोडेट'मध्ये लेकीने एकच एम घातला होता. दुसऱ्यांची सोय करणे असा त्याचा अर्थ, आणि स्वतःला मात्र दोन सी लागतात, दोन एम लागतात. असल्या माणसांशी काकांचा परिचय होता. त्यांनी लाल पेनाने दुसरा एम आणून बसवला. 'रिसीव्ह'मध्ये आय पुढे घुसला होता, त्याला ई-च्या मागे उभा केला. 'सेपरेट'च्या पोटात ए हवा तिथे ई होता. तो सगळेच घालतात. निम्म्या जगाने एव्हाना त्या ई-ला दत्तकच घेऊन टाकायला हवा होता, असं काकांचं मत होतं. पण त्यांनी तो खोडला. 'नाइट'मधले जी आणि एच परवा घरी आलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखे तोंड न उघडता बसले होते. त्यांना त्यांनी बसू दिलं.

पट्टी वर येऊन पोचली. पहिल्या ओळीत बायकोचं नाव होतं. काकांनी तेही उजवीकडून एकेक अक्षर तपासलं. बरोबर होतं.

"तीन चुका," ते म्हणाले.

"मजकूर कसा झालाय, बाबा?"

"टाइप जरा बारीक आहे. पण कार्डाला चालतो."

"मी आईबद्दल काय लिहिलंय, ते विचारतेय."

काकांनी पट्टी प्रूफच्या कडेला नीट लावली.

"तपासलं," ते म्हणाले. "वाचलं नाही."

छापखान्याचा मालक प्रूफ घेऊन गेला, दुरुस्त्या करून नवं घेऊन आला. काकांनी तेही शेवटून तपासलं आणि कोपऱ्यात बारकी सही केली. त्या सहीवाचून इथला कागद हलत नसे. मशीन सुरू झालं.

पहिलं कार्ड बाहेर आलं तसं लेकीने ते उचललं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"सही झाली ना तुमची? आता डोळे फितूर झाले तरी चालतील. सरळ वाचा."

काकांनी लाल पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, पुन्हा काढलं आणि शेवटी तिच्या हातात दिलं. सवयीने पट्टी घेतली. पण ती वर, पहिल्या ओळीखाली ठेवली.

पहिल्या ओळीत नाव. पट्टी सरकली. पुढे लिहिलं होतं, की रात्रपाळीला ती पायातले बूट काढून वॉर्डात हिंडायची, पेशंटची झोप मोडू नये म्हणून. पट्टी सरकली. त्याच्या पुढे लिहिलं होतं, की सकाळी घरातही ती तशीच शिरायची, बूट हातात घेऊन. कारण बाबा उशिरापर्यंत प्रूफं तपासून नुकते झोपलेले असायचे.

पट्टी थांबली.

मशीनही थांबलं. पट्टी थांबलेली मालकाने कोपऱ्यातूनच पाहिली होती. फडक्याला हात पुसत तो जवळ आला.

"काका, चूक राहिली का?"

काकांनी ती ओळ पुन्हा पाहिली, डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे, एकेक शब्द सुटा करून. मग पुन्हा डावीकडून.

"नाही रे," ते म्हणाले. "कुठेच नाही."

मालक मशीनपाशी परत गेला. त्याने बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. पट्टी अजून तिथेच होती.